दाराची कडी



या सदरात बहुधा ठेवी, वारसनोंदी आणि मृत्युपत्रे यांचीच चर्चा होते. परंतु मागील महिन्यात बार्शीकडील एका भगिनींचे पत्र आले आणि त्याचे उत्तर देताना मला माझ्याच घरातील एक जुने खाते पुन्हा उघडावे लागले. पत्राचा आशय असा : "आमचे धान्याचे दुकान आहे. घरी सहा वर्षांची मांजरी आहे. धाकट्या चिरंजीवांनी जत तालुक्यातून करवानी जातीचे पिल्लू आणले आहे. सासूबाई म्हणतात, शिकारी जनावर श्रावकाच्या घरात नको. मुलगा म्हणतो, दोघे एकत्र वाढतील, काही होत नाही. तुमच्याकडे असाच कुत्रा होता असे कळले. काय करावे?"

माझ्याकडे असा कुत्रा होता, हे खरे आहे. मांजरीही होती. दोघांनी एका छताखाली पाच वर्षे काढली. परंतु त्या पाच वर्षांत एक संध्याकाळ अशी आली की तिचा विसर मला अजून पडलेला नाही. ती सांगितल्यावाचून या पत्राचे उत्तर पूर्ण होणार नाही.

प्रथम या कुत्र्यांविषयी. बहुतेक कुत्रे वासाच्या आधाराने माग काढतात. काही जाती मात्र नजरेने सावज हेरतात आणि केवळ वेगाच्या बळावर ते गाठतात. ग्रेहाउंड, सलुकी आणि अफगाण हाउंड या परदेशातील जाती, तर आपल्याकडील करवानी, पश्मी, रामपूर आणि तमिळनाडूतील चिप्पिपराई या याच कुळातील. अंगावर आखूड केस असलेला तो करवानी आणि कानाशेपटीला रेशमी झालर असलेला तो पश्मी, असे आपल्या भागात म्हणतात. सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ येथे याच कुत्र्याला मुधोळ हाउंड हे नाव मिळाले. मुधोळ संस्थानचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची निगुतीने जोपासना केली आणि त्यांची जोडी पाचव्या जॉर्ज बादशहांना भेट दिली, हे प्रसिद्धच आहे. भारतीय टपाल खात्याने २००५ साली भारतीय कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळचाही मान राखला.

याची देहरचनाच धावण्यासाठी घडलेली आहे. खांद्यापाशी उंची सव्वादोन फुटांच्या आसपास, डोके लांब व निमुळते, छाती खोल, पोट आत ओढलेले, अंगावर चरबी जवळजवळ नाही. डोळे अशा रीतीने बसवलेले की मान न वळवता दोन्ही बाजूंचे बरेच क्षेत्र दिसावे. भरधाव असताना एकाच झेपेत दोन वेळा त्याचे चारही पाय जमिनीपासून सुटतात. या कुळातील ग्रेहाउंड ताशी ६० किलोमीटरहून अधिक वेग गाठतो. घरातील मांजर कितीही चपळ असले तरी मोकळ्या मैदानात तिची या वेगापुढे गत नाही. तिला वाचवते ती उंची. झाड, भिंत, माळा. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

माझ्या नोकरीची काही वर्षे जत तालुक्यातील एका शाखेत गेली. तेथील एक मेंढपाळ खातेदार पीककर्जाच्या कामासाठी येत, तेव्हा त्यांच्यासोबत त्यांचा कुत्रा शाखेच्या पायरीवर शांतपणे बसून राही. निवृत्तीनंतर आम्ही सांगलीत स्थायिक झालो. पुढे ते गृहस्थ वार्धक्यामुळे मुलाकडे पुण्यास निघाले आणि निघण्यापूर्वी अडीच वर्षांचा एक करवानी घेऊन आमच्या दारात उभे राहिले. "साहेब, सदनिकेत हा राहायचा नाही. विकला तर लोक सशामागं सोडत्याल. तुमच्याकडं राहिला तर त्याच्या हातनं पाप व्हायचं न्हाई," असे ते म्हणाले. ससा मारणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या बोलण्यात कायद्याचे भय मात्र नव्हते, कळवळा होता. मी नाही म्हणू शकलो नाही. त्याचे नाव पवन.

घरात मनी होती. कोणी एकाने पावसाळ्यात आमच्या जिन्याखाली टाकून दिलेले ते पिल्लू सौभाग्यवतींनी कापसाच्या बोळ्याने दूध पाजून वाढवलेले. पवनने उंबऱ्यातून तिला पाहिले मात्र, त्याचे सर्वांग ताठ झाले. तो भुंकला नाही, गुरगुरलाही नाही. तोंड मिटलेले, कान पुढे, नजर तिच्यावर खिळलेली आणि मागच्या पायांत बारीकसा कंप. मी दोनदा नाव घेतले, त्याला ऐकूच आले नाही. मेंढपाळबाबा एवढेच म्हणाले, "साहेब, ही नजर नीट बघून ठेवा."

पुढे आमच्या पशुवैद्यांनी त्या नजरेचा अर्थ उलगडून सांगितला. कुत्र्याचा राग आणि कुत्र्याची शिकारवृत्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत. रागावलेला कुत्रा आवाज करतो, दात दाखवतो, म्हणजे समोरच्याला दूर होण्याची संधी देतो. शिकारीला निघालेला कुत्रा मुका असतो. पाहणे, दबा धरणे, पाठलाग करणे, पकडणे ही त्याच्या रक्तातील साखळी असून पळणारी लहान वस्तू दिसताच तिची पहिली कडी ओढली जाते. त्यात वैर नाही, द्वेष नाही. म्हणूनच ती रागे भरून किंवा मारून सुटत नाही. उलट मांजर दिसले की मार बसतो एवढेच कुत्रा शिकतो आणि मांजराविषयी त्याच्या मनात नवाच क्षोभ साठतो.

त्यांनी सांगितलेला क्रम आम्ही तीन महिने पाळला. भगिनींच्या उपयोगासाठी तो येथे देतो.

पहिले दोन आठवडे दोघांनी एकमेकांना पाहिलेच नाही. पवन पुढच्या खोलीत, मनी माजघरात, मध्ये बंद दार. त्याच्या अंथरुणाचे फडके तिच्याकडे आणि तिच्या अंथरुणाचे त्याच्याकडे, अशी रोज अदलाबदल. दोघांचे जेवण त्याच बंद दाराच्या दोन बाजूंना. अन्नाच्या आनंदाशी दुसऱ्याचा वास जोडला जावा, हा हेतू.

त्यानंतर लाकडी दाराच्या चौकटीत जाळीचे दार बसवले. पवनच्या गळ्यात रुंद पट्टा, दोरी माझ्या हाती, तोंडाला हवेशीर जाळीचे मुसके. या कुत्र्यांची मान डोक्याहून जाड असते, त्यामुळे साधा अरुंद पट्टा क्षणात डोक्यावरून निसटतो. म्हणून रुंद पट्टा. बैठक पाच मिनिटांची, दिवसातून दोनदा. त्याने मनीकडे पाहिले आणि आपण होऊन नजर काढून घेतली, की लगेच ज्वारीच्या भाकरीचा तुकडा. नजर खिळली, की काही न बोलता त्याला वळवून दूर नेणे. बक्षीस शांततेला द्यायचे, हे सूत्र. सहाव्या आठवड्यात प्रथम तिला पाहून त्याने जांभई दिली आणि तो अंग टाकून आडवा झाला. त्या जांभईने मला बढतीचे पत्र हाती पडल्याइतका आनंद झाला.

मनीच्या बाजूनेही व्यवस्था केली. प्रत्येक खोलीत तिला चढता येईल अशी एक उंच जागा, कपाटाच्या माथ्यावर जाण्यास दोन फळ्या, तिचे जेवण उंचावर आणि तिचे वाळूचे घमेले अशा ठिकाणी की जेथे पवन पोहोचणार नाही. तिला उचलून त्याच्या पुढे धरण्याची चूक कोणी करू नये. हातात जखडलेले मांजर घाबरून उसळी मारते आणि तेच शिकारीला आमंत्रण ठरते. तिची नखे वेळोवेळी कापावीत, कारण या कुत्र्यांची कातडी अत्यंत पातळ असते, आणि डोळ्याला नख लागले तर दृष्टी जाण्याचा धोका असतो.

भगिनींकडील कुत्रा अद्याप पिल्लू आहे, ही जमेची बाजू. कुत्र्याच्या पिल्लाच्या वयाचा तिसरा ते साधारण बारावा-चौदावा आठवडा हा ओळखी करून घेण्याचा काळ. त्या काळात ज्या प्राण्यांच्या सहवासात ते शांतपणे वावरते, त्यांना पुढे आपले मानण्याची शक्यता पुष्कळ वाढते. परंतु शक्यता म्हणजे हमी नव्हे. पिल्लू आठ-दहा महिन्यांचे झाले, पायांत बळ आले, की रक्तातील साखळी जागी होते आणि पालकाची खरी परीक्षा तेव्हा सुरू होते.

हे सर्व सर्वत्र साधते असेही नाही. इंग्लंडमध्ये १९२६ साली मँचेस्टर येथे यांत्रिक सशामागे ग्रेहाउंड धावण्याच्या शर्यती सुरू झाल्या. शर्यतीतून निवृत्त झालेले कुत्रे आता तेथे कुटुंबांना दत्तक दिले जातात. मांजर असलेल्या घरी देण्यापूर्वी त्या कुत्र्याची मांजरासमोर चाचणी घेण्याची पद्धत आहे. काही कुत्रे सहज निभावतात, काही सरावाने निभावतात आणि काही कधीच निभावत नाहीत. त्या अखेरच्या कुत्र्यांना मांजराच्या घरी पाठवतच नाहीत. कर्ज नाकारणे हाही कधी कधी कर्जदारावर उपकार असतो, हे बँकेतील माणसाला पटण्यास वेळ लागत नाही.

आता ती संध्याकाळ.

आठ महिने सुरळीत गेले होते. थंडीत मनी पवनच्या पोटाशी झोपू लागली होती. घरी येणारे पाहुणे छायाचित्रे घेत आणि म्हणत, "अहो, तुमच्याकडे तर समवसरणच आहे!" समवसरणात सिंह आणि गाय, मुंगूस आणि साप जन्मजात वैर विसरून शेजारी बसतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मलाही ते बोलणे सुखवीत असे. रोज रात्री व बाहेर जाताना दोघांमधील दाराची कडी लावण्याचा नियम हळूहळू सैल पडला. आता काय होणार आहे, असे वाटू लागले.

दशलक्षण पर्वातील दिवस होता. संध्याकाळी मंदिरात जाण्याची घाई होती. मागील अंगणाच्या दाराची कडी मी नुसती ढकलली. ती बसली की नाही हे पाहिले नाही. मनी अंगणात होती. न्हाणीजवळ रचलेली पितळी घागर धुण्याच्या दगडावर घरंगळली, त्या आवाजाने मनी दचकून पळाली. पवनने दार नाकाने लोटले. घरात त्याच्या पोटाशी झोपणारी मनी त्या क्षणी त्याच्यासाठी मनी नव्हती. पळणारी एक लहान वस्तू होती. मी "पवन!" म्हणून ओरडलो तो आवाज माझ्या तोंडून बाहेर पडेपर्यंत सारे घडून गेले होते.

पेरूच्या झाडाने तिला वाचवले. तिने झेप घेतली होती, पवनच्या दातांत तिचा मागचा पाय आणि मांडीची कातडी आली. दुसऱ्या हाकेसरशी त्याने सोडले आणि तो जागच्या जागी उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता, गोंधळ होता. पशुवैद्यांनी रात्री नऊपर्यंत खपून चौदा टाके घातले. मनी जगली, परंतु तो पाय कायमचा अधू झाला.

त्या रात्री मी पवनला परत पाठवण्याचे बोलून दाखवले. "हे जनावर शिकारीच. त्याच्या स्वभावावर विश्वास ठेवला ही चूक झाली," असे काहीसे मी म्हणालो. सौभाग्यवती मनीच्या टोपलीजवळ बसल्या होत्या. त्या वर न पाहता म्हणाल्या, "त्याने स्वभाव कधी लपवून ठेवला होता? पहिल्या दिवशीच दाखवला होता. कडी तुम्ही लावायची होती."

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना आचार्यांनी प्रथम प्रमादाचा उल्लेख केला आहे. कित्येक वर्षे स्वाध्यायात मी तो शब्द वाचला होता, त्याचा अर्थही इतरांना सांगितला होता. त्या संध्याकाळी हिंसा घडली ती कुत्र्याच्या दातांनी. पण तिचे खाते ज्याच्या नावे पडावे तो प्रमत्त मनुष्य मी होतो. समवसरणात वैर शमते ते तीर्थंकरांच्या सान्निध्याने. आमच्या घरात तीर्थंकर नव्हते, एक विसराळू निवृत्त अधिकारी होता. जेथे तो प्रभाव नाही तेथे कडी हवी. त्या वर्षी क्षमावाणीच्या दिवशी सर्वांची क्षमा मागून झाल्यावर मी मनीच्या टोपलीपाशी जाऊन बसलो. तिला काय कळले ते सांगता येत नाही. मला मात्र ते आवश्यक होते.

बँकेत रोकड-कोठीला दोन चाव्या असतात आणि त्या दोन भिन्न अधिकाऱ्यांकडे असतात. ही व्यवस्था कोणी चोर आहे म्हणून केलेली नसते. माणूस चुकतो म्हणून केलेली असते. पस्तीस वर्षे जो नियम मी दुसऱ्याच्या पैशासाठी पाळला, तो घरातील जिवासाठी पाळला नव्हता. त्यानंतर अंगणाला लागून दुसरे जाळीचे दार बसवले. एक दार उघडे राहिले तरी दुसरे बंद असावे. आपोआप मिटणाऱ्या बिजागऱ्या लावल्या. अंगणात एका वेळी दोघांपैकी एकच. घरात कोणी जागे व समोर नसेल तेव्हा दोघे वेगळ्या खोल्यांत, अपवाद नाही. कडी मी लावायची आणि सौभाग्यवतींनी तपासायची. यानंतरची चार वर्षे एकही प्रसंग घडला नाही. पवनचा स्वभाव पालटला म्हणून नव्हे. आमचा पालटला म्हणून.

आता सासूबाईंच्या आक्षेपाकडे वळतो. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत 'असतीपोषण' सांगितले आहे आणि हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात त्याचा अर्थ देताना कुत्रा आणि मांजर यांचा स्पष्ट उल्लेख येतो. परंतु तेथे धनासाठी केलेले पोषण असे म्हटले आहे, हेही पाहावे. पिल्ले विकण्यासाठी कुत्री पाळणे, शर्यतीला लावणे, सशामागे सोडणे हे सर्व त्यात येते. मला वाटते, गोदामात उंदीर मारले जावेत म्हणून मांजर ठेवणे याचाही धान्याच्या व्यापाऱ्यांनी शांतपणे विचार करावा. हात आपला नसला तरी हेतू आपला असतो. निराधार जिवाला आश्रय देणे ही गोष्ट वेगळी. तरीही या विषयी शंका असल्यास आपल्या गुरुजनांना विचारावे. माझा अधिकार हिशेबापुरता.

आहाराचा प्रश्नही येथेच निघतो. करवानी कुत्रा आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी, मका आणि दूध यांवर पोसला गेला आहे. शाकाहारी घरात तो पशुवैद्यांच्या सल्ल्याने व्यवस्थित राहू शकतो. मांजराचे तसे नाही. मांजर निसर्गतःच मांसाहारी आहे. टॉरीन नावाचे द्रव्य तिला आहारातून मिळावेच लागते आणि ते वनस्पतींत जवळजवळ नसते. त्याच्या अभावी तिचे हृदय दुर्बल होते, हे १९८७ साली संशोधकांनी दाखवून दिले. दृष्टीही जाते. नुसत्या दूधभातावर मांजर ठेवणे म्हणजे दयेच्या नावाखाली तिची उपासमार करणे होय. शिवाय पुष्कळ प्रौढ मांजरांना दूध पचतही नाही. कृत्रिम रीतीने बनवलेले टॉरीन मिळते, पण आहाराची जुळणी पशुवैद्यांकडूनच करून घ्यावी. जे मांजर दारी आले आहे त्याला टाकू नये. पण हा प्रश्न सोडवता येत नसेल तर हौसेने नवे आणूही नये.

आणखी दोन सूचना. रेबीजची लस कुत्र्याप्रमाणे मांजरालाही द्यावी आणि दोघांची नसबंदी करून घ्यावी. शस्त्रक्रियेच्या वेळी कुत्रा या कुळातील आहे हे पशुवैद्यांना आवर्जून सांगावे. अंगात चरबी नसल्याने थायोपेंटोनसारख्या भुलीच्या काही औषधांची गुंगी या कुत्र्यांत फार लांबते.

तेव्हा भगिनींनो, तुमच्या प्रश्नाचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही. चिरंजीवांना समोर बसवून तीन गोष्टी विचाराव्यात. घरात मध्ये दार असलेल्या दोन स्वतंत्र जागा आहेत काय? या कुत्र्याचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे असते. तो शिक्षणासाठी बाहेरगावी गेला तर रोज पहाटे मोकळ्या पण कुंपण असलेल्या जागी याला कोण धाववून आणील? आणि कडी लावण्याची जबाबदारी कोणाची, व ती तपासण्याची कोणाची? या तिन्हींची उत्तरे नावानिशी मिळाली, तर सासूबाईंची समजूत घालता येईल. न मिळाली, तर पिल्लू लहान असतानाच, मांजर नसलेले व अंगण असलेले चांगले घर त्याच्यासाठी शोधावे. त्यात कमीपणा नाही.

पवन गेला त्याला आता दोन वर्षे होतील. मनी म्हातारी झाली आहे, तीन पायांवर जोर देत चालते आणि दुपारी त्याच्या जुन्या गोधडीवर जाऊन झोपते. अंगणात आता कोणीही नसते. तरी संध्याकाळी मंदिरात जाताना मी मागच्या दाराची कडी लावतो, आणि सौभाग्यवती ती एकदा ओढून पाहतात.